शरदचंद्र हसबनीस गळ टाकायला शिकतात

क्षमाचं लग्न एका माशावर अडून बसलं होतं. मासा नीलगिरीच्या डोंगरात, उटीच्याही वर, कुठल्याशा ओढ्यात सुखात पोहत होता आणि आपल्यावर कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय याचा त्याला पत्ताही नव्हता. इकडे चेन्नईच्या वेलचेरीत तिसऱ्या मजल्यावर क्षमाचे वडील शरदचंद्र हसबनीस मात्र पंख्याखाली बसून घामाघूम होत त्याच माशाचा विचार करत होते.

मुलाबद्दल तक्रार नव्हती. सुंदर नावाचा हा मुलगा श्रीपेरुंबुदूरला क्षमाच्याच कारखान्यात होता, आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसून दोघांनी आपापसात सगळं ठरवूनही टाकलं होतं. शिवाय मुलगा मराठी. म्हणजे तंजावरचा मराठी. "तीनशे वर्षांपूर्वी निघाले असले म्हणून काय झालं, आपलेच आहेत," असं क्षमाच्या आईने, विद्युलताबाईंनी, पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांना फोनवर कळवलं होतं.

अडचण होती ती सुंदरच्या वडिलांची. भीमसेन रावांचा जन्म गेला चहाच्या मळ्यांवर मॅनेजर म्हणून. बायको वारल्यावर ते उटीच्या वर एका बंगलीत एकटेच राहत. जानेवारीत ते मुलगी बघायला वेलचेरीला आले, सोफ्याच्या टोकावर ताठ बसले, पुरणपोळ्या खाल्ल्या आणि अख्ख्या संध्याकाळीत "हां", "बरं" आणि जाताना "येतों" एवढंच बोलले. विद्युलताबाई शाळेत भाषा शिकवतात. समोरचा गप्प बसला की त्यांना आणखी बोलावंसं वाटतं. त्यांनी रावांना मराठीच्या सद्यःस्थितीबद्दल बरंच काही सांगितलं. राव ऐकत राहिले.

त्यानंतर होकार नाही, नकार नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. शरदचंद्रांनी दोनदा फोन केला. पलीकडून "हां... हां... बरं" असं आलं आणि फोन बंद झाला.

"काका, अप्पा तसेच आहेत," सुंदर म्हणाला. "ते फक्त ओढ्यावर बोलतात. मळ्यावरच्या जुन्या साहेबांनी त्यांना फ्लाय फिशिंग शिकवलं होतं. आता तेच त्यांचं देऊळ. गळ टाकताना माणूस कसा उभा राहतो ते बघून अप्पा माणूस ओळखतात, असं आम्ही घरी म्हणतो."

सुंदरने हे हसत सांगितलं. शरदचंद्रांनी ते हसण्यावारी नेलं नाही, कारण चारच दिवसांनी भीमसेन रावांचा मेसेज आला: "मे महिन्यांत या. मासे धरायला जाऊं."

शरदचंद्रांनी घाईघाईत अंगठा पाठवला. मग आपण होणाऱ्या व्याह्यांना चक्क अंगठा दाखवला हे लक्षात येऊन त्यांना झोप लागेना. सकाळी उठून त्यांनी शब्दांत लिहिलं, "अवश्य येतो." अशा रीतीने, जन्मात एकही मासा न धरलेला आणि ताटात घेतलेला तर नाहीच नाही असा हा माणूस गळ टाकायला बांधला गेला.

शरदचंद्र अड्यारच्या एका केंद्रीय संस्थेत प्रशासन अधिकारी. कुठलीही गोष्ट रीतसर केली की होते, यावर त्यांचा विश्वास. म्हणून त्यांनी रीतसर अभ्यास सुरू केला. तेव्हा कळलं की या प्रकारात गांडूळ नसतं, कणीक नसते. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली एक नकली माशी असते. ती लांब, लवचिक काठीने हवेतून झुलवत नेऊन पाण्यावर अशी हलकेच टेकवायची की माशाला वाटावं, खरीच येऊन बसली. माशाने तोंड मारलं की काठी उचलायची. मग मासा जवळ घ्यायचा, बघायचा आणि परत सोडून द्यायचा.

"सोडायचाच तर धरायचा कशाला?" विद्युलताबाईंनी विचारलं.

"तो खेळ आहे."

"माशाला विचारलंय का कुणी?"

शेजारचे वादिराज गलगली रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि सल्ला द्यायला मोकळे होते. त्यांचं बालपण कृष्णेच्या काठी गेलेलं. "हसबनीस, नकली माशी कसली लावताय? गांडूळ लावा, गांडूळ! मासा येडा आहे का?" असं म्हणून ते गेले. पण शरदचंद्र त्यांना न विचारता काहीतरी करतायत हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. दोन दिवसांत त्यांनीही अभ्यास केला आणि दुपारी, ऐन झोपेच्या वेळी, बेल वाजवली.

"तुम्ही फसलात," त्यांनी दारातूनच सांगितलं. "उन्हाळ्यात जाताय. उन्हाळ्यात डोंगरातला ओढा आटलेला असतो. पाणी उथळ आणि आरशासारखं स्वच्छ. मासा तुम्हाला पन्नास फुटांवरून बघतो. तुमचा तो पांढरा शर्ट दिसला की संपलं! मळकट हिरवे कपडे घालायचे, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, आणि शेवटचं अंतर रांगत जायचं."

"रांगत?"

"गुडघ्यांवर. जाणकार लोक कोपरांवर जातात."

संध्याकाळी क्षमा कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली, तेव्हा तिचे वडील जुना हिरवा शर्ट घालून, हातात केरसुणी काठीसारखी धरून, हॉलमधून टीव्हीच्या दिशेने कोपरांवर सरपटत होते. ती दारातच थांबली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आम्ही रजिस्टर लग्न करू. खरंच. तुम्ही उठा."

"गप्प बस," शरदचंद्र जमिनीवरूनच म्हणाले. "मासा बघतोय."

काठी आली ती एका लांब नळकांड्यातून. ते उघडेपर्यंत वॉचमनने आणि निम्म्या सोसायटीने, हसबनिसांनी बंदूक मागवली, असं ठरवलं होतं. सराव करायला मोकळी जागा हवी म्हणून शरदचंद्र काठी घेऊन गच्चीवर गेले. मे महिना लागला होता, ऊन कडक होतं, आणि अशा उन्हात चेन्नईतल्या गच्चीवर काय असतं हे इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी शेषाद्री यांच्या पत्नी, शशिकला मामी, यांनी पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, ओळीने वडाम घातले होते. आपल्याकडच्या कुरडयांचे हे सख्खे भाऊ. ओले, नाजूक, पहाटे उठून पाडलेले.

शरदचंद्रांनी पहिल्यांदा काठी मागे नेली आणि माशी त्यांच्याच बनियनला पाठीमागून लागली. ती काढायला वादिराजांना बोलवावं लागलं, म्हणजे सल्लाही आला. दुसऱ्यांदा ती केबलच्या वायरीत अडकली. तिसऱ्यांदा मात्र दोरा हवेत सुरेख वळसा घेऊन गेला आणि माशी अलगद कुठेतरी टेकली. शरदचंद्रांनी हलकेच ओढून पाहिलं. ओढ लागली! "लागला!" ते ओरडले, आणि व्हिडिओत शिकवल्याप्रमाणे त्यांनी काठी झटक्यात वर उचलली.

वेष्टीचं टोक उचललं गेलं, मग बाजू, मग वाऱ्याने अख्खी वेष्टी शिडासारखी फुगली आणि वडाम चहूकडे उडाले. काही पाण्याच्या टाकीवर बसले, काही वादिराजांच्या टकलावर. त्याच क्षणी शशिकला मामी कावळे हाकलायची काठी घेऊन गच्चीच्या दारात आल्या.

"अय्यय्यो!" एवढंच त्या म्हणाल्या, पण ते खाली रस्त्यावर ऐकू गेलं.

संध्याकाळी कमिटीची तातडीची सभा भरली. गच्चीवर मासेमारी करू नये, असा ठराव आला. "गच्चीवर मासेच नाहीत!" शरदचंद्रांनी मुद्दा मांडला. शेषाद्रींनी चष्मा पुसला. "करेक्ट, सर. नसलेल्या माशांसाठी असोसिएशन गच्ची कशी देणार?" ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज अशाच वाक्यांनी परत पाठवले, त्याच्या हे अधिक जिव्हारी लागलं. विद्युलताबाईंनी पुढच्या दोन पहाटे मामींच्या शेजारी बसून नवे वडाम पाडून दिले आणि त्या दोन दिवसांत त्या नवऱ्याशी जेवणाखेरीज काही बोलल्या नाहीत.

मग सराव वेलचेरी स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत हलला. सकाळी सहाला तिथे वर्दळ नसते असं शरदचंद्रांना वाटत होतं. शेअर ऑटोवाले मात्र हजर होते. चहाचा ग्लास हातात घेऊन ते गोल करून उभे राहिले. "सार, पाणी कुठाय?" एकाने तमिळमध्ये विचारलं. "नोव्हेंबरात या सार," दुसरा म्हणाला, "तेव्हा इथे कमरेएवढं पाणी असतं. मासे दारात येतात." शरदचंद्रांनी लक्ष दिलं नाही. मान ताठ, मनगट घट्ट, माशी मागे, माशी पुढे. ती पुढे गेली ती "मेडवाक्कम, मेडवाक्कम!" असं ओरडत निघालेल्या एका शेअर ऑटोच्या ताडपत्रीला जाऊन बसली.

काठीवरचं रीळ किंचाळू लागलं. दोरा सरसर सुटत होता, ऑटो सिग्नलकडे वेग घेत होता, आणि काठी सोडावी तर नवी कोरी काठी मेडवाक्कमला जाणार, म्हणून शरदचंद्र काठी धरून मागे पळत होते. ऑटोच्या मागच्या सीटवरच्या बायका त्यांच्याकडे बघून हात हलवत होत्या. सुदैवाने सिग्नल लाल झाला. ड्रायव्हर खाली उतरला, माशी ताडपत्रीतून सोडवली, नीट बघितली आणि शरदचंद्रांच्या हातावर ठेवत आदराने म्हणाला, "सार, गळ चांगला आहे. मासा मोठा बघा."

परवान्याची कथा वेगळीच. ओढ्यात गळ टाकायला परवानगी लागते असं वाचून शरदचंद्र रजा काढून मत्स्यखात्याच्या एका कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "बोटीचा नंबर?"

"बोट नाही."

"मग मासे कुठून धरणार?"

"पाण्यात उभा राहून."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या टेबलावरच्या साहेबांना हाक मारली. "सर, हे पाण्यात उभे राहणार म्हणतायत."

साहेब उठून आले. "पोहता येतं का?"

"नाही. पण पाणी गुडघाभर आहे. डोंगरातला ओढा आहे. नीलगिरीत."

"इथे समुद्राचं काम चालतं," साहेब म्हणाले. त्यांचा स्वर दयेचा होता. "डोंगराचं डोंगरात बघा."

घरी येऊन सुंदरला फोन केला तेव्हा कळलं, दोघांच्याही परवानग्या अप्पांनी केव्हाच काढून ठेवल्या होत्या. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?" सुंदरने विचारलं. शरदचंद्रांनी फोन ठेवला. कधी सांगणार, आणि कोणत्या शब्दात?

जायच्या दिवशी सेंट्रल स्टेशनवर त्या नळकांड्यामुळे पोलिसाने अडवलं. काठी जोडून, माशी दाखवून, आपण व्याह्यांकडे चाललो आहोत असं सांगावं लागलं. पोलिसाने माशीकडे पाहिलं, मग शरदचंद्रांच्या चेहऱ्याकडे, आणि "मुलगी तुमची का?" असं विचारून त्यांना सोडून दिलं.

बंगलीवर भीमसेन रावांनी "या" म्हणून स्वागत केलं. मग गरम रसम आलं, भात आला, ब्लँकेट आलं. शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे निघाले. पुढे जुनी टोपी घातलेले उंच राव, मागे मळकट हिरव्या कपड्यांतले शरदचंद्र. चहाचे मळे संपले, झाडी लागली. चेन्नईच्या भट्टीतून आलेल्या माणसाला तिथली हवा गोड लागायला हवी होती, पण शरदचंद्र मनातल्या मनात 'मान ताठ, मनगट घट्ट' घोकत होते. आज आपण कसे उभे राहतो यावर पोरीचं भवितव्य होतं.

ओढा दिसला आणि सगळं वादिराजांनी सांगितल्यासारखंच निघालं. यंदा वळवाचे पाऊस झाले नव्हते. पाणी पार खाली गेलेलं, दगड उघडे पडलेले, मध्ये मध्ये छोटे डोह, आणि ते इतके स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. एका डोहात, दगडाच्या सावलीत, दोन-तीन मासे तोंड प्रवाहाकडे करून उभे होते. शरदचंद्रांनी ते पाहिले, एक मोठा श्वास घेतला आणि काठी हातात धरून ते जमिनीवर आडवे झाले. मग कोपरांवर सरपटू लागले. काटे टोचले, शेवाळ लागलं, एक जळू मनगटावर चढली. ते थांबले नाहीत. मागे राव उभे आहेत आणि बघतायत, हे त्यांना पाठीवर जाणवत होतं.

ते काठाशी पोचले तेवढ्यात भीमसेन राव सरळ उभ्याने चालत त्यांच्या शेजारून पुढे गेले, वाकले, खिशातून एक थर्मामीटर काढलं आणि दोरीला बांधून पाण्यात सोडलं. बराच वेळ धरून ठेवलं. वर काढलं. पाहिलं. मान हलवली.

"नको," ते म्हणाले.

 संपलं. एवढं सरपटून शेवटी नकार! शरदचंद्र पालथेच राहिले. क्षमाला काय सांगायचं, याचं पहिलं वाक्य त्यांच्या मनात जुळेना.

"पाणी ऊन झालंय," राव पुढे म्हणाले, एकेक शब्द शोधत. "विसाच्या वर गेलं. ट्राउटला थंड पाणी पायजे. अस्की... सगळे मासे दमलेत, बघा, सावलींत कसे उभे आहेत. अत्ता धरला, तर सोडून दिला तरी मरतो. म्हणून आज गळ नको. पाऊस येईपर्यंत नको."

"म्हणजे... मासे धरायचेच नाहीत?"

"नाहीं."

"सुटलो!" शरदचंद्र म्हणाले.

हे मनातल्या मनात म्हणायचं होतं. ते इतक्या मोठ्याने निघालं की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. शरदचंद्र उठून बसले, चेहरा लाल, शर्टाला चिखल, मनगटावर जळू. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. गच्ची, वडाम, ठराव, मेडवाक्कमचा ऑटो, बोटीचा नंबर. "मला यातलं ओ की ठो येत नाही, राव. सुंदर म्हणाला तुम्ही फक्त ओढ्यावर बोलता, म्हणून हा सगळा खटाटोप. तुमचा होकार आहे की नाही तेवढं कळावं म्हणून."

 रावांच्या मिशा हलायला लागल्या. मग खांदे. मग ते दगडावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"सुंदर चुकीचं सांगटला," ते म्हणाले. "मी ओढ्यावर बोलत नाहीं. ओढ्यावर बोलायला *नको*, म्हणून येतों! तुम्हाला पण मणून इकडे बोलावलों. गळ टाकतांना कोणी बोलत नाहीं, दोघे चोखट गप्प राहूं, असं वाटलं."

"पण का?"

 रावांनी जळू शरदचंद्रांच्या मनगटावरून चिमटीत धरून काढून टाकली. "एकदां पुण्याला गेलों होतों, तरणा असतांना. दुकानांत मराठी बोललों. अस्की हासटले. एक पोरगी म्हणटली, हे कोणती भाषा? मी म्हणटलों, मराठी. परत हासटले." त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "तुमच्या घरांत आलों, तर तुमच्या बाई शाळेंत भाषा शिकिवतात. पुस्तकासारखं बोलतात. मी तोंड उघडलों नाहीं. उगीच मुलाचं लग्न मोडलं तर?"

"आणि होकार?"

"माझा होकार तर पैल्यापासून आहे! मुलगा-मुलगी ठरिवलेत, मी कोण? मुहूर्त मुलीकडचे काढतात, मणून मी थांबलों. तुम्ही कांहीं सांगतच नव्हते. फोन केलांत, हवा-पाण्याचं विचारलांत, ठेवलांत. मला वाटलं तुम्हालाच मुलगा पसंत नाहीं. राती झोप येत नव्हती."

शरदचंद्रांना आठवलं. दोन्ही फोनवर त्यांनी, थेट विचारणं बरं दिसत नाही म्हणून, उटीच्या थंडीची चौकशी केली होती.

"माझी बायको तुमच्या बोलण्याला हसणार नाही," ते म्हणाले. "पण वही-पेन घेऊन समोर बसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. एकेक शब्द चारदा म्हणायला लावेल."

"तें चालेल," राव म्हणाले आणि पुन्हा हसू लागले.

चार महिन्यांचं ओझं एकदम उतरलं की माणसाचा तोल जातो. शरदचंद्र व्याह्यांना मिठी मारायला म्हणून उठले, बुटाखालचं शेवाळ सरकलं, आणि ते काठीसकट डोहात गेले. पाणी खरोखरच गुडघाभर होतं, पण ते बसूनच पडले होते, त्यामुळे छातीपर्यंत आलं. मासे कुठच्या कुठे पळाले. भीमसेन राव पाण्यात उतरले, त्यांनी हसबनिसांना कॉलरला धरलं, दुसऱ्या हाताने पट्ट्याला, आणि मोठ्या सवयीने, घाई न करता, काठावर ओढून घेतलं. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी आपला झेल नीट पाहिला.

"नियम असा आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "धरलेलं परत सोडायला पायजे." त्यांनी शरदचंद्रांच्या डोक्यावरचं शेवाळ काढलं. "पण ह्याला घरीं नेतों. मुलाचा सासरा आहे."

शरदचंद्र ओलेचिंब, दात वाजवत, उन्हात पसरलेल्या दगडावर आडवे झाले. राव शेजारी बसून बोलत होते. चहाबद्दल, बायकोबद्दल, सुंदर लहान असताना एकदा झाडावरून पडला त्याबद्दल. थांबतच नव्हते. निम्मे शब्द शरदचंद्रांना कळत नव्हते. त्यांनी "हां" म्हटलं, "बरं" म्हटलं, आणि मध्येच कधीतरी, अगदी निर्धास्त, त्यांचा डोळा लागला.